बॉसवेलिया सॅक्रा विकत घेताना: बी, उघड्या मुळांचं रोप, कुंडीतलं झाड की कलम?

बॉसवेलिया सॅक्रा, म्हणजे फ्रँकिन्सेन्सचा धूप देणारं अरबी झाड, हल्ली चार रूपांत विकायला असतं: बियांचं पाकीट, उघड्या मुळांचं रोप, कुंडीत वाढवलेलं झाड आणि छाट (कापून मातीत रुजवायची फांदी) किंवा गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून मग वेगळं केलेलं रोप). नाव एकच असलं तरी हातात पडणारा माल अगदी वेगवेगळा असतो. निकाल आधीच सांगून टाकतो. बियांपासून वाढवलेलं, दोन-तीन वर्षांचं, पानं गळालेल्या अवस्थेत उघड्या मुळांनी पाठवलेलं रोप सगळ्यांत उत्तम. पानांनी गच्च भरलेलं कुंडीतलं झाड दिसायला सर्वांत देखणं, पण त्यातच सर्वांत जास्त फसवणूक होते. हे झाड पानांवरून पारखायचं नसतं, बुंधा आणि मुळं बघून पारखायचं असतं.

याचं कारण झाडाच्या मूळ जागेत आहे. ओमानमधला धोफार प्रांत, येमेनचा पूर्वेकडचा कोरडा भाग आणि सोमालियाचा उत्तर पट्टा हे त्याचं घर. धोफारमध्ये जून ते सप्टेंबर खरीफचे, म्हणजे तिथल्या मोसमी पावसाळ्याचे, ढग समुद्राकडचे डोंगरउतार भिजवतात, हिरवेगार करतात. पण ही झाडं मुख्यतः त्या डोंगरांच्या पलीकडे, कोरड्या बाजूला आणि दऱ्यांच्या खडकाळ पात्रांत उभी असतात. युनेस्कोने 2000 साली जागतिक वारसा यादीत घेतलेलं वादी दौका हे असंच एक पात्र आहे. जमीन चुनखडीची, दगडगोट्यांची. पाणी पडलं तरी क्षणात निथळून जाणारी. सोमालियात तर काही झाडं उभ्या खडकाला चिकटून वाढतात, आणि बुंध्याशी फुगीर चकतीसारखा भाग तयार करून खडकाला घट्ट धरून बसतात. फुगीर बुंधा, जाड मांसल मुळं आणि पाणी साठवणारं खोड हीच या झाडाची सगळी पुंजी. पानं दुय्यम आहेत. पाणी कमी पडलं की झाड ती सहज टाकून देतं. म्हणून जो विक्रेता पानांचे फोटो दाखवतो आणि बुंध्याचा दाखवत नाही, त्याच्याकडे बुंध्याचा फोटो मागून घ्यावा. मिळाला नाही तर व्यवहार तिथेच थांबवावा.

बियांचं पाकीट

पाकिटावरची संख्या आणि उगवणारी रोपं यांचा संबंध फार सैल असतो. फळ साधारण सेंटिमीटरभराचं, तीन ते पाच कप्प्यांचं. त्यातले बरेच कप्पे पोकळ निघतात. ज्या झाडांना धुपासाठी सतत चिरा दिल्या जातात त्यांचं बी आणखी कमजोर. जवळच्याच बॉसवेलिया पॅपिरिफेरा या जातीवर एरिट्रियात झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चिरा न दिलेल्या झाडांचं बी 80 टक्क्यांहून जास्त उगवलं, तर जोरात चीक काढलेल्या झाडांचं फक्त 16 टक्के. झाडाची ताकद जखमा भरण्यात आणि राळ तयार करण्यात जाते, बियांच्या वाट्याला काही उरत नाही. त्यामुळे विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात: बी कोणत्या महिन्यात गोळा केलं आणि झाडावर चिरा होत्या का. दोन्हींचं उत्तर देणारा विक्रेता मिळाला तर पाकीट घ्यायला हरकत नाही.

बी हाती आलं की आधी कोमट पाण्यात टाकावं. काही तासांनी जे तळाशी बसेल ते पेरायचं. जे तरंगत राहील ते बहुधा पोकळ असतं. बारा तासांपेक्षा जास्त भिजवू नये, बी कुजायला लागतं. पेरणीसाठी अर्धं परलाइट (भाजून फुलवलेले हलके खनिज दाणे) आणि अर्धी धुतलेली बारीक वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट (तसंच फुलवलेलं, ओल धरणारं खनिज) पुरतं. त्यात शेणखत, गांडूळखत काहीही नको. बी 3 ते 5 मिलिमीटर खोल, वरून बारीक खडीचा पातळ थर. तापमान 28 ते 32 अंश सेल्सिअस ठेवलं तर ताजं बी एक ते तीन आठवड्यांत वर येतं. वरून प्लास्टिकचं झाकण ठेवायचं, पण पहिला अंकुर दिसला की त्याच दिवशी ते थोडं उघडायचं आणि पुढच्या आठवड्याभरात पूर्ण काढायचं.

बहुतेकांची रोपं जातात ती याच टप्प्यावर. अंकुर जमिनीलगत बारीक होतो, तपकिरी पडतो आणि संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी आडवं पडलेलं दिसतं. ही रोपांची मर. बंद हवा, ओलं माध्यम आणि कमी उजेड एकत्र आले की बुरशी हे काम करते. एकदा देठ मऊ पडला की कुठलंच बुरशीनाशक उपयोगी नाही. म्हणून पेरणीपूर्वी माध्यम उकळत्या पाण्याने भिजवून थंड करून घ्यायचं, पाणी कुंडीच्या तळातून द्यायचं आणि हवा खेळती ठेवायची. पहिली संयुक्त पानं (एका देठावर अनेक छोट्या पर्णिका असलेली) आल्यावरच रोप वेगळं करावं. सोटमूळ तुटलं तर बुंधा फुगायला उशीर लागतो, म्हणून पहिल्यापासून अरुंद पण खोल डब्यात पेरलेलं बरं.

ज्यांना ऊब देता येते आणि रोज लक्ष घालता येतं त्यांच्यासाठी बी हा स्वस्त आणि समाधानाचा मार्ग आहे. बाकीच्यांसाठी पाचपैकी दोन गुण.

उघड्या मुळांचं रोप

धुपाची झाडं मुळांसकट लांब पाठवण्याची कल्पना फार जुनी आहे. इजिप्तच्या राणी हत्शेपसुतच्या देर अल-बहारी इथल्या मंदिरात पुंत देशाहून आणलेली धुपाची झाडं कोरलेली आहेत, टोपल्यांत मुळांसकट ठेवून माणसं ती उचलून नेताना. ती नेमकी कोणत्या जातीची होती यावर मतभेद आहेत, पण पाठवण्याची पद्धत आजही त्याच विचाराची आहे. फरक इतकाच, की आता मुळांभोवतीची माती पूर्ण धुवून काढतात. सीमेपलीकडे रोप पाठवायचं तर मातीवर बंदी असते आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते प्रमाणपत्र नसलेलं पार्सल जप्त होऊ शकतं, आणि तो दोष विक्रेत्याचाच मानावा.

पार्सल उघडल्यावर काय बघायचं? बुंधा अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबावा. निरोगी बुंधा बटाट्यासारखा टणक लागतो. थोडासा मऊ आणि सुरकुतलेला असेल तर तो फक्त तहानलेला आहे, भरून येईल. एकाच जागी मऊ, बाकी टणक, आणि मऊ जागी साल काळपट असेल तर आत कूज आहे. मग नखाने सालीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा खरवडावा. वरचा कागदी पापुद्रा निघाल्यावर खाली हिरवा थर दिसला तर रोप जिवंत. तिथे चिकाचा बारीक थेंब आला आणि लिंबू-पाइनसारखा वास आला तर फार उत्तम. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर खोडावर आणखी खाली तपासावं. कधी कधी शेंडा वाळतो, पण बुंधा ठणठणीत असतो; असं रोप खालून फुटतं.

मुळांची टोकं तपासून तपकिरी, मऊ भाग पांढऱ्या, टणक भागापर्यंत कापायचे. दरवेळी सुरी अल्कोहोलने पुसायची. राळ पाण्याने निघत नाही, अल्कोहोलने निघते. मग रोप सावलीत, वाऱ्याला, तीन ते पाच दिवस तसंच कोरडं ठेवायचं, म्हणजे कापलेल्या जागा सुकून बंद होतात. ओल्या मातीत ताजी जखम गेली की तिथूनच कूज सुरू होते. लावताना बुंध्याचा फुगीर भाग मातीच्या वर राहील असं लावावं. तो पुरला तर साल सतत ओली राहते. रोप डगमगत असेल तर खोल पुरू नये, बाजूला दोन-तीन मोठे दगड ठेवून आधार द्यावा.

लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. त्यानंतर एकदा भरपूर, मग माध्यम पूर्ण सुकेपर्यंत वाट बघायची. कुंडीखालून ऊब मिळाली तर तीन ते सहा आठवड्यांत फांदीच्या टोकाला लवदार हिरवा कोंब दिसतो. तो दिसेपर्यंत पानं नाहीत, म्हणजे पाणी ओढणारं कोणी नाही. या काळात दर दोन दिवसांनी प्रेमाने घातलेलं पाणी मुळांशी साचून राहतं. उघड्या मुळांची रोपं वाळून मरतात त्यापेक्षा कितीतरी जास्त या पाण्याने मरतात.

चांगल्या रोपाचा बुंधा खोडापेक्षा ठळकपणे जाड असतो आणि निदान दोन-तीन मुळं पेन्सिलीएवढी असतात. उंचीला महत्त्व देऊ नका. वीस सेंटिमीटर उंचीचं, जाड बुंध्याचं रोप साठ सेंटिमीटरच्या काठीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण जातो तो थंडीच्या दिवसांत पाठवणाऱ्यांमुळे. वाटेत थंडीने गारठलेलं रोप पोहोचतं तेव्हा ठीक दिसतं आणि तीन आठवड्यांनी मऊ पडतं. मागणी उन्हाळा लागताना नोंदवावी.

कुंडीतलं तयार झाड

हे घेताना पहिलं काम म्हणजे कुंडीतून झाड उपसून मुळांचा गड्डा बघणं. रोपवाटिकेत वाढ लवकर व्हावी म्हणून बऱ्याचदा झाड कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) वाढवलेलं असतं आणि विकण्याआधी वर शोभेची खडी टाकलेली असते. वरून सगळं वाळवंटी दिसतं, आत मात्र ओला स्पंज. मुळांच्या मध्यभागी कोकोपीटचा घट्ट गोळा राहिला आणि भोवती चांगली निथळणारी माती भरली तरी उपयोग नाही: बाहेरची माती सुकते, आतला गोळा आठवडाभर ओला राहतो आणि कूज आतून बाहेर येते. तो गोळा बोटांनी आणि पाण्याच्या हलक्या धारेने पूर्ण काढून टाकायला हवा, भले त्यात काही बारीक मुळं तुटली तरी. म्हणजे शेवटी तुम्ही कुंडीतलं झाड उघड्या मुळांचंच करता, आणि पैसे मात्र जास्त मोजलेले असतात.

दुसरी खूण म्हणजे नत्राची. पानं गडद हिरवी, फार मोठी, दोन पानांमधलं अंतर लांब, खोड बांबूच्या काडीला बांधलेलं. असं झाड सावलीत आणि भरपूर खतावर फुगवलेलं असतं. काडी सोडली की ते वाकतं. त्याला एकदम कडक उन्हात ठेवलं तर साल भाजते आणि उन्हाच्या बाजूला फिकट डाग पडतात. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू ऊन वाढवत न्यावं. जागा बदलल्यावर सगळी पानं गळाली तर घाबरू नये, पाणी मात्र लगेच कमी करावं.

खरोखर खडीत वाढवलेलं, जाड बुंध्याचं, स्वतःच्या बळावर उभं असलेलं झाड मिळालं तर ते आनंदाने घ्यावं. तसं झाड विकणारे आहेत, पण थोडे.

कलमं

गुग्गुळाची छाट सहज रुजते, साळईची (बॉसवेलियाचीच दुसरी जात) जाड फांदीही रुजू शकते, म्हणून या झाडाचीही रुजेल असं विक्रेते गृहीत धरतात. बॉसवेलिया सॅक्राची छाट रुजणं अवघड आहे, आणि बारीक छाट तर जवळजवळ नाहीच. गुटी कलम कधी कधी यशस्वी होतं. रुजलं तरी बियांच्या रोपासारखा फुगीर बुंधा त्याला लवकर येत नाही; मुळं खोडाच्या कडेने फुटतात आणि झाड मातीत खोचलेल्या काठीसारखं दिसतं. ‘मुळं येत आहेत’ असं लिहून विकलेली छाट म्हणजे अजून मुळं नसलेली फांदी. तिला गुण देण्यासारखं काही नाही. एखाद्या निवडक झाडाची हुबेहूब प्रत हवी असेल तर पूर्ण रुजलेलं गुटी कलम घ्यावं, तेही मुळांचा फोटो पाहूनच.

जात खरी आहे का?

विक्रीत बॉसवेलिया कार्टेरी हे नावही दिसतं. बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ ते सॅक्राचंच दुसरं नाव मानतात. सोमालियाकडच्या मालाला व्यापारात ते नाव चालतं. ही फसवणूक नाही. साळई, म्हणजे बॉसवेलिया सेराटा, सॅक्रा म्हणून विकणं ही मात्र फसवणूक आहे. साळईचं पान लांब, एकेका पानावर पर्णिकांच्या बऱ्याच जोड्या, झाड सरळ उंच जाणारं. सॅक्राची पानं आखूड, फांदीच्या टोकाशी दाटीने, पर्णिकांच्या कडा लहरी आणि पृष्ठभाग चुरगळल्यासारखा. सालीचे कागदी पापुद्रे दोघांनाही सुटतात, त्यामुळे केवळ सालीच्या फोटोवर विश्वास ठेवू नये.

सोबत विकलं जाणारं सक्युलंट मिक्स

सक्युलंट मिक्स म्हणजे पाणी साठवणाऱ्या मांसल झाडांसाठी विकतं मिळणारं मातीचं मिश्रण. बहुतेक पिशव्यांत अर्ध्याहून जास्त कोकोपीट किंवा पीट (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) असतं. या झाडासाठी ते बाद. परीक्षा सोपी आहे: मिश्रण कुंडीत भरून एकदा भिजवा, मग वरून लिटरभर पाणी ओता. पाणी वर तळं न करता काही सेकंदांत खालून बाहेर आलं पाहिजे. घरी करायचं तर चार भाग प्युमिस (ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड) किंवा 4 ते 8 मिलिमीटरची धुतलेली खडी, दोन भाग जाड वाळू, एक भाग चुनखडीची बारीक खडी आणि एक भाग चाळलेलं जुनं कंपोस्ट. परलाइट चालतं, पण ते हलकं असल्याने पाण्याबरोबर वर तरंगतं आणि झाडाला पकड देत नाही. बांधकामाची न धुतलेली वाळू वापरू नये. तिच्यातली माती खाली बसून निचऱ्याची भोकं बुजवते. कुंडी मुळांपेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच मोठी घ्यावी. मोठ्या कुंडीत मुळं पोहोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते.

नंतरची निगा आणि धुपाचं आश्वासन

पानं असताना आणि रात्री उबदार असताना पाणी मोकळ्या हाताने द्यावं. कुंडी उचलून हलकी लागली की पुन्हा. रात्रीचं तापमान 12 अंशांखाली उतरायला लागलं की पाणी कमी करत बंद करावं आणि झाड कोरडं, उजेडात ठेवावं. पर्णिकांच्या कडा तपकिरी होऊन वाळल्या तर बहुधा पाण्यातले क्षार साचलेले असतात. कुंडीतून एकदा भरपूर साधं किंवा पावसाचं पाणी वाहू द्यावं. खत वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं, आणि नत्र कमी असलेलं. बंद खोलीत लाल कोळी येतो, पानांच्या मागे बारीक जाळी दिसते. पाण्याचा फवारा आणि खेळती हवा बहुधा पुरते. पिठ्या ढेकूण मुळांवरही बसतो, म्हणून पुनर्लावणीच्या वेळी मुळांवर पांढरा कापूस दिसतो का ते बघावं.

‘घरच्या घरी धूप मिळवा’ अशी जाहिरात करणाऱ्या विक्रेत्याचा एक गुण कापावा. मूळ जागी झाड साधारण आठ-दहा वर्षांचं झाल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. मग मंगफ नावाच्या हत्याराने सालीचा छोटा तुकडा खरवडतात, पांढरा चीक वाहतो आणि सुकतो. साधारण दोन आठवड्यांनी तीच जागा पुन्हा खरवडतात. पहिल्या चिकाला किंमत नसते, चांगला धूप नंतरच्या फेऱ्यांत येतो. कुंडीतल्या झाडाला चिरा दिल्या तर मिळतील चार थेंब, आणि बुंध्यावर कीड-बुरशीला उघडी दारं. छाटणी करताना आपोआप येणारा थेंब वाळवून ठेवावा, तेवढ्यावर थांबावं. रानातल्या झाडांवर चिरांचा, उंट-शेळ्यांच्या चरण्याचा आणि खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांचा भार आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या 1998 च्या मूल्यमापनात ही जात संकटाच्या उंबरठ्यावर मानली गेली. म्हणून रानातून उपटलेलं जुनं, खडबडीत बुंध्याचं झाड कितीही सुंदर दिसलं तरी घेऊ नये. रोपवाटिकेत बियांपासून वाढवल्याचं लेखी मागावं.

शेवटी हमीबद्दल. ‘पोहोचल्यापासून सात दिवसांत तक्रार करा’ ही अट या झाडासाठी निरर्थक आहे. सात दिवस तर ते कोरडंच पडून असतं, आणि ते जगलं की नाही हे कळायला सहा आठवडे लागतात. पहिलं पान फुटेपर्यंत किंवा निदान दोन महिने हमी देणारा विक्रेता निवडावा. पार्सल उघडताना बुंध्याचा, मुळांचा आणि नखाने खरवडलेल्या हिरव्या जागेचा फोटो तारखेसह काढून त्याच दिवशी त्याला पाठवून ठेवावा.